मागून गरम

शिबिराची कल्पना हॉटेलच्या मालकांची. स्वयंपाकघरातल्या जुन्या फरश्या उखडून नव्या बसवायच्या होत्या, त्यामुळे शनिवार-रविवार शेगड्या बंद राहणार होत्या. आम्ही सगळे घरी पाय चोळत पडून राहिलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मालकांच्या डोक्यात आलं की ही माणसं एकमेकांना फक्त वाफेत आणि घामात ओळखतात, त्यांना जरा मोकळ्या हवेत न्यावं, म्हणजे एकजूट वाढेल. आमची एकजूट कमी आहे असं त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. जेवणाच्या गर्दीत एकदा शेगडीपाशी येऊन उभं राहावं, म्हणजे कळेल.

तर शनिवारी सकाळी आमची वरात डोंगरातल्या त्या शिबिरात येऊन पोचली. लाकडी खोल्या, दोरांच्या शिड्या, तळ्यात बांधून ठेवलेल्या होड्या, आणि सगळ्यात पलीकडे एका खोल घळीवर टांगलेला झुलता पूल. आयुष्यभर सपाट फरशीवर उभी राहिलेली बाई मी, मला उंचीचं कौतुक नाही.

मी स्वयंपाकघरात थंड टेबल सांभाळते. सॅलड, सॉस, पुडिंग, केक. माझी भाची माझ्या हाताखाली काम करते आणि मला मावशी म्हणते, म्हणून सगळेच मावशी म्हणतात. आमचे मुख्य आचारी माझ्याहून चांगले वयाने मोठे, तेही मावशीच म्हणतात. आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. भाचीचं नाव पडलंय मिरी, कारण दिसायला एवढीशी आणि बोलायला झणझणीत. निदान आली तेव्हा होती. कॉलेज अर्धवट सोडून घरात बसली होती, तेव्हा माझ्या बहिणीने तिला माझ्याकडे आणून सोडलं आणि म्हणाली, "तुझ्या जिवावर सोडतेय गं हिला." बहिणीने एवढं म्हटल्यावर मी काय बोलणार.

आमच्या कामाच्या दोन सवयी आधी सांगायला हव्यात. पहिली अशी, की उस्तादांनी काही पुकारलं की सगळ्यांनी एका सुरात "हो!" म्हणायचं. "दोन सूप, एक मासा, मासा आधी!" "हो!" "ब्रेड संपत आलाय, बघा!" "हो!" आधी हो, मग हात. हातातलं काम सोडून विचार करायला तिथे वेळ नसतो, तेव्हा तोंडाने हो म्हणायचं आणि पुढच्या क्षणी ते काम उरकायचं. मिरी नवी असताना एकदा म्हणाली होती, "थांबा, मला कळलं नाही." उस्तादांनी हातातला झारा खाली ठेवला, आणि सगळं स्वयंपाकघर हात थांबवून तिच्याकडे बघत राहिलं. पोरगी कानापर्यंत लाल झाली. पुन्हा तिच्या तोंडून ते वाक्य कधी निघालं नाही.

दुसरी सवय याहून जुनी. उकळतं पातेलं घेऊन कुणाच्या मागून जायचं असेल तर ओरडायचं, "मागून गरम!" ते ऐकलं की समोरच्या माणसाने वळायचं नाही, बघायचं नाही, कोपर अंगाशी घ्यायचे आणि खांबासारखं उभं राहायचं. जो वळला तो भाजला. ही शिकवण नव्या माणसाला पहिल्या दिवशी मिळते आणि मग ती हाडात बसते. मी एकदा बाजारात कुणीतरी मागून "गरम, गरम!" म्हणत गेलं तेव्हा भाजीच्या गाड्यापाशी अशीच थिजून उभी राहिले होते. भाजीवाल्याला वाटलं मला झटका आला.

पुलापाशी एक तरतरीत तरुणी आमची वाट बघत होती. गळ्यात शिट्टी, म्हणून आमच्या भट्टीने लगेच तिचं नाव शिट्टीवाली ठेवून टाकलं. भट्टी म्हणजे आमचा ओव्हनवाला. दाराच्या चौकटीतून तिरका होऊन आत येतो एवढा देह. शिट्टीवालीने प्रत्येकाच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधले, डोक्यावर हेल्मेट चढवलं. कमरेच्या पट्ट्याला एक लांब पट्टी होती आणि तिच्या टोकाला लोखंडी हुक. पुलाच्या वरून, या काठाच्या चौथऱ्यापासून पलीकडच्या खांबापर्यंत, एक जाड तार गेली होती. हुक त्या तारेत अडकवायचा, त्याची कडी फिरवून घट्ट करायची, मग फळीवर पाय ठेवायचा. पाय घसरला तरी माणूस तारेला लटकून राहतो.

"आपला हुक आपण लावायचा," शिट्टीवाली म्हणाली, "आणि मागच्याने पुढच्याचा हुक ओढून बघायचा. शिवाय मी एकेकाचा बघणारच आहे. एका वेळी पुलावर तिघंच."

ती खरोखर एकेकाकडे जायला निघाली होती. पण आमच्या मागे कुठल्याशा बँकेची माणसं रांग लावून उभी होती, त्यातला एक जण घड्याळ बघत होता, आणि उस्तादांना आपल्यामुळे कुणी खोळंबलेलं चालत नाही.

"ताई, तुम्ही कशाला दमताय?" उस्ताद म्हणाले. "माझी माणसं आहेत ही. एका आवाजात काम होतं, बघा तुम्ही." आणि आमच्याकडे वळून त्यांनी तोच स्वयंपाकघरातला आवाज लावला. "हुक लावले?"

"हो!"

"पुढच्याचा बघितला?"

"हो!"

घळीतून आमचा हो परत आला. बँकवाले हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिट्टीवालीही हसली आणि तिथेच थांबली. उस्तादांची छाती दोन बोटं फुगली असेल.

त्या दोन्ही हो-मध्ये माझा आवाज होता. माझ्या पुढे मिरी उभी होती. तिचा हुक बघणं माझं काम होतं. पण माझे दोन्ही हात तेव्हा हनुवटीखाली होते, हेल्मेटचा पट्टा गळ्याला काचत होता आणि मी तो सैल करत होते. म्हटलं, एवढं झालं की बघते. आधी हो, मग हात. तेवढ्यात उस्ताद फळीवर चढले, त्यांच्यामागे भट्टी, भट्टीमागे मिरी, आणि रांग पुढे सरकली.

उस्ताद पलीकडे उतरल्यावर माझी पाळी आली. मी आधी खाली बघितलं, जे बघू नये म्हणून सांगितलं होतं. खाली दगड होते, दगडांतून पाणी उसळत होतं, आणि पाण्याचा आवाज एवढ्या वर येईपर्यंत बारीक झाला होता. फळ्या ओलसर होत्या. मी दोन्ही बाजूंचे दोर घट्ट धरले, मान वर केली, आणि नजर मिरीच्या पाठीवर ठेवली, म्हणजे तरी खाली बघणं होणार नाही.

म्हणून ते मला दिसलं. तिच्या डोक्यावरच्या तारेत काहीच नव्हतं. तिच्या कमरेची पट्टी खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाचा हुक प्रत्येक पावलाला तिच्या मांडीवर आपटत होता.

मिरी पुलाच्या जवळजवळ मध्यावर होती. पुढे भट्टी चालत होता, आणि तो पाऊल टाकेल तशी सगळी फळ्यांची रांग खालीवर होत होती. मिरीने दोर धरले होते, पण घट्ट नाही. तिच्या मते ती तारेला बांधलेली होती ना.

"काय झालं?" मागून चौथऱ्यावरून शिट्टीवालीने विचारलं. मी नुसतं बोट दाखवलं. तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग ती अगदी हळू, पण स्पष्ट बोलली. "हाक मारू नका. दचकून वळेल ती. मी आले तर पूल आणखी हलेल. तुम्ही जवळ आहात. तुम्हीच जा. घाई करू नका. तिचा हुक वर लावा आणि कडी फिरवा."

घाई करू नका म्हणे. माझ्या बहिणीची पोर तिथे हवेत उभी होती. पण शिट्टीवाली बरोबर सांगत होती, म्हणून मी हळू गेले. एक फळी, मग दुसरी. माझा हुक वर तारेवर माझ्याबरोबर करकरत सरकत होता आणि त्या आवाजाचीच मला लाज वाटत होती. मी बांधलेली होते. जिचं बघायचं होतं ती सुटी होती.

भट्टी पलीकडच्या टोकाला पोचला. मला ते आधी सुचायला हवं होतं. त्याने शेवटच्या फळीवरून पाय उचलला आणि तो सगळा भार एकदम उतरल्याबरोबर पूल वर उसळला. मिरीचे गुडघे वाकले. "आई गं!" म्हणून ती हसली. खरंच हसली, पाळण्यात बसल्यासारखी. दोर तिच्या हातात होते. पूल डुलत डुलत शांत झाला आणि मला माझ्या तोंडात रक्ताची चव आली, कारण मी ओठ चावला होता.

आणि तेवढ्यात पलीकडून उस्तादांचा आवाज आला. त्यांनी मोबाइल वर धरला होता.

"मिरी! फोटो! दोन्ही हात वर!"

"हो!" मिरी ओरडली.

तिचा उजवा हात दोरावरून सुटला. डावा सुटायच्या बेतात होता. मी अजून तिच्यापासून हातभर लांब होते आणि पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, एवढंच खरं सांगते. जे ओरडले ते मी ठरवून ओरडले नाही.

"मागून गरम!"

मिरी थिजली. उजवा हात झटकन परत दोरावर आला, दोन्ही कोपर अंगाशी गेले, मान ताठ. ती वळली नाही. घळीवर, वाऱ्यात, जिथे कुणी पातेलं घेऊन येणं शक्यच नव्हतं तिथे, ती पोर खांबासारखी उभी राहिली.

"गरम आहे," मी म्हणत राहिले, "गरम आहे, हलू नकोस, गरम आहे." थंड टेबलाची बाई मी, उभ्या जन्मात हे कधी ओरडले नसेन. पलीकडे उस्तादांनी मोबाइल खाली घेतला. आवाजावरून त्यांना काहीतरी कळलं असावं.

मी तिच्या पाठीशी पोचले. एक हात दोरावरून काढला. तो काढणं हेच त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. तिच्या मांडीपाशी लोंबणारा हुक पकडला आणि वर नेला. मध्यावर पूल खाली झोल खातो, त्यामुळे तार तिथे उंच होती आणि माझी बोटं पोचत नव्हती. टाचा उचलल्या. हुक तारेला लागला आणि घसरला. पुन्हा लावला. हुकाचं तोंड उघडायला अंगठ्याने दाबावं लागतं आणि माझा अंगठा घामाने निसटत होता. वाऱ्याने पूल किंचित कलला, मिरीची पाठ माझ्या छातीला टेकली, तिचं हृदय धडधडत असलेलं मला कळलं. तिला आता काहीतरी उमगलं होतं, पण ती वळली नाही. खट् असा आवाज झाला. मी कडी फिरवली, आणखी फिरवली, आणि हुक खाली इतक्या जोरात ओढला की मिरीच जागेवर हलली.

"आता चल," मी म्हणाले. "दोर सोडू नकोस. हळू चल."

पलीकडे पाय टेकल्यावर मी आधी मिरीचा हुक सोडवला, मग माझा. शिट्टीवाली बाकीच्यांना चौथऱ्यावरच बसवून आमच्या मागोमाग पूल ओलांडून आली.

"मावशी, पुलावर कसलं गरम काढलंत?" उस्ताद हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "फोटो गेला की हो."

"हिचा हुक लागलेला नव्हता," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे लागलेला नव्हता. लोंबत होता. अर्धा पूल ही तशीच चालली."

भट्टी होता तिथेच मटकन खाली बसला. उस्तादांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग, माणूस घाबरला की होतं तसं, त्यांना राग आला. "मग हो का म्हणालीस गं?" ते मिरीवर ओरडले. "डोळे कुठे गहाण टाकले होतेस?"

मिरीने मान खाली घातली. माझं मात्र टाळकं सरकलं.

"तिच्यावर ओरडू नका. तिचा हुक बघायचं काम माझं होतं."

"तुम्हीही हो म्हणालात."

"म्हणाले."

"न बघता?"

"न बघताच. उस्ताद, तुम्ही विचारलंत की आम्ही हो म्हणतो. बघून म्हणा असं तुम्ही कधी सांगितलंत?"

मग त्यांनी शिट्टीवालीकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "चूक माझी आहे. मी एकेकाचा बघायला हवा होता." त्यावर उस्ताद फक्त "नाही" म्हणाले आणि खांबाला पाठ टेकून उभे राहिले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, कुणासमोर त्यांचे खांदे असे पडलेले मी बघितले नव्हते. दुसऱ्या वेळी मला त्यांची दया आली असती. त्या वेळी नाही आली.

मी मिरीला जरा बाजूला नेलं. एका ओंडक्यावर आम्ही बसलो. तिला छातीशी घ्यावं असं वाटत होतं आणि एक थोबाडीत द्यावी असंही. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही, नुसती बडबडले. "अगं, पण लागला नाही हे तुला कळू नये? एवढा मोठा लोखंडी हुक! कळलं कसं नाही तुला?"

"कळलं होतं," मिरी म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

"ती कडी मला फिरवताच येत नव्हती. दोनदा लावला, दोनदा सुटला. मी सांगणार होते तिला, त्या शिट्टीवालीला. तेवढ्यात उस्तादांनी विचारलं." ती आपली नखं बघत होती. "आणि सगळे हो म्हणाले. मागून तूसुद्धा म्हणालीस."

"मग?"

"मग मला वाटलं, मावशीने बघितलाय. म्हणजे लागला असेल. मलाच कळत नसेल."

"अगं, तो मांडीवर आपटत होता तुझ्या!"

"आपटत होता. मला वाटलं, दुसरा कुठलातरी पट्टा असेल तो."

मला रडू फुटलं. सगळ्यांच्या देखत, हेल्मेट घालून, नाक ओढत मी रडले. ही तीच मुलगी, जी आली तेव्हा साखर जास्त झालीय असं मला तोंडावर सांगायची. आता स्वतःच्या मांडीवर लोखंड आपटत असताना तिने त्यापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता. आणि तो शब्द कसा, तर हनुवटीखालचा पट्टा ओढता ओढता तोंडातून सांडलेला.

मिरीने माझ्या पाठीवर हात फिरवला. "जाऊ दे ना मावशी. झालं ना नीट."

"जाऊ दे काय जाऊ दे!" मी म्हणाले. याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

परतीची वाट त्याच पुलावरून होती. दुसरा रस्ता डोंगराला मोठा वळसा घालून जातो आणि तो पावसाने खचलाय असं शिट्टीवाली म्हणाली. मिरीला पुन्हा त्या फळ्यांवर पाठवायचं या विचाराने माझा जीव वरखाली होत होता. मी म्हणाले, आम्ही दोघी इथेच बसतो, हेलिकॉप्टर बोलवा. कुणी हसलं नाही.

शिट्टीवालीने आता घाई केली नाही. पलीकडे बँकवाले वाट बघत होते, त्यांच्याकडे तिने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. आधी भट्टीचा हुक तिने स्वतः लावून बघितला. मग उस्ताद पुढे झाले आणि लहान मुलासारखे हात बाजूला धरून उभे राहिले. एवढा वेळ आमच्यात कुणीच हो म्हणालं नव्हतं.

मग मिरी. तिला कडी कशी फिरवायची ते शिट्टीवालीने दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा मिरीने स्वतः केलं. शिट्टीवालीने ओढून बघितला. मग मी पुढे झाले. या वेळी माझे दोन्ही हात मोकळे होते. मी हुक ओढला, कडी चाचपली, पट्टी कमरेपर्यंत हाताने तपासत आणली, परत वर नेली.

"लागलाय," मी म्हणाले.

मिरी हलली नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग तिने स्वतःचा हात वर नेला, कडी उलटसुलट फिरवून पाहिली, दोन्ही हातांनी पट्टी धरली आणि पाय उचलून स्वतःचा सगळा भार तारेवर टाकला. तार करकरली. ती क्षणभर तशीच लटकत राहिली.

"अगं, मी सांगितलं ना, लागलाय म्हणून," मी म्हणाले.

"ऐकलं," ती म्हणाली. "तरी मी बघते."

मला ते लागलं. जिव्हारी लागलं. आणि त्याच वेळी सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं इतकं बरं वाटलं की मला पुन्हा रडू येईल असं वाटलं.

मिरीने पाय टेकवले, पण ती पुलाकडे वळली नाही. माझ्या कमरेकडे बघत तिने हात पुढे केला.

"आता तू हात वर कर," ती म्हणाली. "तुझा बघू दे."

मी मुकाट्याने हात वर केले.